पद्माक्काचा पाणीपुरवठा

माणूस भेटला की आपण काय विचारतो? 'बरं हाय का?' विचारतो, 'कुठं निघालासा?' विचारतो. पद्माक्का विचारते, "लघवी झाली का?"

तेही हळू नाही. मंगळवार पेठेतल्या भर रस्त्यात, पलीकडच्या कडेवरून. मधून एखादी बस जात असली तर बसच्या आवाजाच्या वरून. अक्काचा आवाज तयार झाला तो भांड्यांच्या दुकानात. पितळेच्या आणि स्टीलच्या खणखणाटातून गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं म्हणजे तसाच आवाज लागतो. दुकान भाच्याच्या हातात जाऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज काही तिनं दुकानाबरोबर दिला नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नातली गोष्ट. आमचे व्याही सत्तरीच्या पुढचे, फेटा बांधून सकाळपासून मांडवात उभे. अक्का आहेराच्या रांगेतून स्टेजवर आली, पाकीट दिलं, व्याह्यांच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "पावणं, ओठ वाळल्यात तुमचं. सकाळपासनं पाणी प्यालासा का? लघवीला कवा गेल्तासा?" माईक शेजारीच होता. व्याह्यांनी घाबरून फोटोग्राफरकडं बघितलं आणि त्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. नवरानवरी हसताहेत, अक्का बोट दाखवून काहीतरी विचारते आहे, आणि व्याह्यांचा चेहरा पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखा झाला आहे.

मागच्या निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला दारात आला. अक्का म्हणाली, "मत देऊ की. पण आवाज बसलाय न्हवं तुमचा? या आत." त्याला तांब्याभर पाणी पाजलं. मागं उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनाही ओळीनं पाजलं. पुढच्या गल्लीत प्रचारफेरी बराच वेळ खोळंबली होती आणि माणसं आडोसा शोधत होती, असं ऐकतो. निवडून आला तो. भेटला की अजून अक्काला लांबूनच हात जोडतो.

गल्लीनं तिचं नाव 'पाणीपुरवठा' ठेवलं आहे. तिला ते ठाऊक आहे. "महापालिकेपेक्षा मी बरा की," म्हणते, "मी रोज येतो."

'मी बरा, मी येतो' हे वाचून चुकल्यासारखं वाटेल, पण आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात. पुण्याची माझी मेहुणी पहिल्यांदा अक्काचं बोलणं ऐकून आली आणि हळूच मला म्हणाली, "दाजी, आत कोण गृहस्थ आहेत हो?"

गृहस्थ म्हणजे सत्तरीच्या आसपासची, उंच, भरल्या अंगाची बाई. इस्त्रीची साडी आणि पायात पांढरे बूट. घर जयसिंगपूरकडच्या जैन व्यापाऱ्यांचं, वडिलांनी इथं दुकान टाकलं तेव्हा ती लहान होती. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची गल्लीत कुणाची छाती झाली नाही. भांडं घेताना टिचकी मारून नाद ऐकायची जन्माची सवय, ती तिला माणसांच्या बाबतीतही आहे. बोलता बोलता तुमच्या खांद्यावर, पाठीवर बोटाच्या मागच्या बाजूनं टकटक करणार आणि क्षणभर थांबणार. काय ऐकते देव जाणे. पण तिनं टकटक केली की आपण कुठंतरी चिरलोय की काय असं मला उगाच वाटतं.

तिचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, "दवाखाना काय पळून जातोय व्हय?" कुणी आजाऱ्याला उचलून दवाखान्याकडं धावायला निघालं की अक्का आडवी. आधी बघायचं, मग पळायचं. तिला दवाखान्याचं वावडं आहे असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांचं बोलता बोलता तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. घरचे तेल चोळत बसले होते. अक्कानं बघितलं मात्र, रस्त्यावरून जाणारी रिक्षा आडवी जाऊन थांबवली, आतल्या पॅसेंजरला खाली उतरवलं आणि म्हाताऱ्यांना घालून स्वतः पुढं बसून गेली. ते आज काठी घेऊन का होईना, हिंडतात. कधी पळायचं आणि कधी थांबायचं हे तिला कळतं, एवढंच मला म्हणायचं आहे. आम्हाला ते कळत नव्हतं.

आता आमच्याकडं येतो. माझे वडील, आबा, एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतली बरीच वर्षं कोल्हापूर-गगनबावडा गाडीवर गेली. पावसाळ्यात त्या रस्त्याला जो पाऊस असतो तो ज्यानं गाडीच्या काचेतून बघितलाय त्यालाच ठाऊक. आबांच्या नावावर एकही अपघात नाही, याचा त्यांना भारी अभिमान. रिटायर झाल्यावर दहाबारा वर्षं छान गेली. मग हळूहळू त्यांच्या डोक्यातले रस्ते पुसट व्हायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग माझी आई गेलेली आहे ही गोष्ट. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. आम्ही गल्लीत सांगताना 'विसरभोळेपणा' म्हणायचो.

दिवसा आबा शांत असायचे. दिवस कलला की त्यांच्यात ड्रायव्हर जागा व्हायचा. "मिलिंद, टायम झाला. बावड्याची गाडी काढायची हाय. लोकं खोळंबल्यात." मी समजावायचो, आबा, तुम्ही रिटायर झालाय. ते रागानं बघायचे. मी दाराला कडी लावायचो, ते कडी हलवायचे. एकदा माझ्या बायकोला, सुजाताला, त्यांनी असं ढकललं की ती कपाटावर आपटली. ज्या माणसानं आयुष्यात आवाज चढवला नाही, त्यानं. सुजाता रडली, आबाही तिला रडताना बघून रडले, आणि पाच मिनिटांनी म्हणाले, "ही बाई का रडालीया? हिची गाडी चुकली व्हय?"

गेल्या उन्हाळ्यात ते एका संध्याकाळी अचानक फारच बिघडले. कोपऱ्यात माणसं बसलीत म्हणायला लागले, हवेत काहीतरी वेचायला लागले, आम्हाला ओळखेनात. आम्ही घाबरून त्यांना एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं लोकांनी त्यांचं काम केलं, मी कुणाला बोल लावत नाही. पण नवी जागा, रात्रभर जळणारे दिवे, दर थोड्या वेळानं नवा माणूस येऊन हात धरणार. आबा सलाइन ओढून काढायला लागले तेव्हा त्यांचे हात पलंगाला बांधले. गाडीचं स्टिअरिंग धरलेले ते हात. शेवटी निघालं काय, तर अंगातलं पाणी कमी झालं होतं आणि लघवीला जंतुसंसर्ग झाला होता. तहान लागली आहे हेच त्यांना उमगेनासं झालं होतं, आणि आम्ही पाण्याचं भांडं पुढं केलं तर ते बाजूला सारायचे. आठवड्यानं घरी आणलं तेव्हा चालत गेलेला माणूस उचलून आणावा लागला. कुणी जवळ गेलं की ते हात छातीशी घट्ट धरायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पद्माक्का आली. दार वाजवायची तिला सवय नाही. आत आली, आबांच्या पलंगाशी उभी राहिली, त्यांच्या पाठीवर टकटक केली. मग वळून माझ्याकडं आणि सुजाताकडं बघत राहिली.

"तुमी दोघं कवा झोपलासा?" तिनं विचारलं.

आम्ही दोघं बोटांवर दिवस मोजायला लागलो.

"म्हातारा ठीक हाय," अक्का म्हणाली, "आजारी तुमी हाईसा. सुजाता, चप्पल घाल आणि बाहेर जा. दोन तास तोंड दाखवू नगो. मिलिंद, तू आत जाऊन झोप."

"अक्का, अहो, आबांना..."

"मी भांडी विकल्यात व्हय नुसती? घरात आईला संभाळलंय. जा म्हणतोय न्हवं!"

सुजाता बाहेर पडली. नंतर तिनं मला सांगितलं, कोपऱ्यापर्यंत गेल्यावर तिला समजेचना कुठं जायचं. कितीतरी दिवसांत ती औषधं आणि दूध यांशिवाय कशाला बाहेर पडलीच नव्हती. शेवटी रंकाळ्यावर जाऊन बसली, तिखट भेळ खाल्ली, आणि पाण्याकडं बघता बघता बाकावरच डुलकी लागली. शेजारी बसलेल्या बाईंनी तिला उठवलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून मला आमच्या लग्नाच्या वेळची सुजाता आठवली.

मी आत आडवा झालो होतो खरा, पण कान बाहेर होते. आबांची वेळ झाली. "टायम झाला. बावड्याची गाडी काढायची हाय."

मी मनात म्हटलं, आता झालं सुरू.

"काढा की," अक्का म्हणाली. "मी बी त्याच गाडीला आलोय. साळवणात उतरायचं हाय मला."

आजवर कुणी 'काढा' म्हटलंच नव्हतं.

"पण डायव्हरसाब, रेडिएटरला पाणी घातलासा का?"

"घातलं की. बिगर पाण्याचं कोण घाट चढंल?"

"मग डायव्हरला?"

मग आबांचं हसू ऐकू आलं. कितीतरी महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. दाराच्या फटीतून बघितलं तर ते दोन्ही हातांनी भांडं धरून घटाघट पाणी पीत होते.

त्या दिवसापासून अक्का रोज येऊ लागली. अंधार पडता पडता यायची, आबा झोपायला टेकले की जायची. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात तिनं आमच्या घराची झडती घेतली. माझ्या सासूबाईंनी स्वतः विणलेलं पायपुसणं उचलून माळ्यावर फेकलं. "ह्येच्यात पाय अडकून पडला म्हातारा, की खुबा मोडतोय. मग बसा दवाखान्यात." संडासच्या दाराला तिनं लाल रंग मारून घेतला, आबांना एसटीचा रंग लांबून ओळखू यावा म्हणून. माझ्या घरात आता संडासचं दार तेवढं लाल आहे आणि पाहुणे त्याबद्दल हमखास विचारतात. आरशावर टॉवेल टाकला, कारण आरशातला म्हातारा आपल्या सीटवर बसलाय म्हणून आबा त्याच्याशी भांडायचे.

आबा थोडे सावरल्यावर ती त्यांना चालवायला लागली. गाडी रोज निघायची, बावड्याच्या वाटेवरचे थांबे गल्लीतच ठरले होते. पिठाची गिरणी म्हणजे कळे, इस्त्रीवाल्याचं दुकान म्हणजे साळवण, आणि गल्लीला वळसा घालून आमचं दार आलं की गगनबावडा. साळवणात अक्का खाली उतरायची आणि परत चढायची. गल्लीतली माणसंही सरावली. इस्त्रीवाला हात दाखवायचा, आबा थांबायचे, म्हणायचे, "मागं जागा हाय, पुढं सरका." एक मोटारसायकलवाला मध्ये घुसला तर आबांच्या आधी अक्काच ओरडली, "ए शाण्या! एसटी दिसत न्हाय तुला?" त्यानं आजूबाजूला बघितलं. एसटी दिसली नाही, पण अक्का दिसली, आणि तो मुकाट्यानं कडेला झाला.

मला सुरुवातीला हे पटायचं नाही. खोट्याला खोटं कशाला जोडायचं? तसं बोललो तर अक्का म्हणाली, "तू त्यास्नी तुझ्या घरात ओढायला बघतोस. त्येंचा दम निघतोय, तुझा बी निघतोय. मी त्येंच्या गाडीत बसतोय. भाडं बी पडत न्हाय."

आमच्यासारखी आणखी काही घरं तिच्या माहितीत होती. कुणाची आई, कुणाचा नवरा. रविवारी दुपारी ती त्या घरच्या सांभाळणाऱ्यांना आपल्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, गोळा करायची. आजाऱ्यापाशी तेवढा वेळ घरातलं दुसरं कुणी, नाहीतर तिनं ठरवून दिलेला शेजारी बसायचा. तिथं एकच कायदा होता, आजाऱ्याबद्दल बोलायचं नाही, स्वतःबद्दल बोलायचं. पहिल्या रविवारी सगळे पंख्याकडं बघत बसलो. स्वतःबद्दल काय बोलायचं हेच आठवेना. शेवटी बायकोला सांभाळणारे एक धिप्पाड गृहस्थ एकदम म्हणाले, "मला कुस्ती बघायला जायाचंय," आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. अक्कानं त्यांच्या पाठीवर टकटक केली. पुढच्या मैदानाला ते गेले, त्यांच्या बायकोपाशी सुजाता बसली. परत आले ते कुणी कुणाला कुठल्या डावावर पाडलं हे सांगत, लाल झालेले. सुजाता म्हणाली, "त्यांच्या बायकोनं मला दिवसभर 'मास्तरीण' म्हटलं आणि पाढे म्हणून दाखवले. मला बरं वाटलं हो." दुसऱ्याच्या घरचा विसरभोळेपणा सांभाळायला सोपा जातो, हे आम्हाला तिथं कळलं.

पावसाळा लागला. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर सुजाता दारात उभी. आबा पुन्हा तसेच झाले होते. उठत नव्हते, डोळे एका जागी ठरत नव्हते, अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत होते. सुजातानं पिशवी भरली होती. टॉवेल, आधारकार्ड, जुने रिपोर्ट. आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढं पलंगाला बांधलेले ते हात होते, पण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. मी रिक्षा बोलावली. रिक्षा दारात आली आणि मागोमाग छत्री मिटत अक्का आली.

"कुठं निघालासा?"

मी सांगितलं.

"दवाखाना काय पळून जातोय व्हय? रिक्षा थांबू दे तिथंच. आधी बघू."

तिनं आबांच्या दोन्ही हातांत आपली बोटं दिली आणि दाबायला सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी सारखं दाबलं. तोंड बघितलं, सरळ होतं. कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मग सुजाताला विचारलं, "परसाकडं कवा गेल्तं?" सुजाता आठवू लागली आणि तिच्या लक्षात आलं की तीन-चार दिवस झाले. "लघवी?" थोडी थोडी होतेय, वास येतोय. अक्कानं आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. पावसाच्या वरून आवाज चढवून म्हणाली, "डाक्टर, गाडी काढा. न्हाय, उद्या न्हाय. आत्ता."

डॉक्टर रेनकोटावरून पाणी निथळत आले. म्हातारे आहेत, अक्काला जरा भिऊनच असतात. पिशवी ठेवत म्हणाले, "अक्का, तपासू का मी, का झालं तुमचं तपासून?"

"तुमी तपासा. शिकलाईसा न्हवं?"

त्यांनी नीट तपासलं. छाती ऐकली, पोट दाबलं, ब्लडप्रेशर बघितलं. म्हणाले, "पोट साफ नाही आणि लघवीचा त्रास पुन्हा सुरू होतोय. पण फार पुढं गेलेलं नाही, वेळेत बघितलंत. घरी करता येईल. मात्र ताप चढला, उलट्या झाल्या, जागे होईनात, किंवा पाणी पोटात जाईना, तर मग थांबायचं नाही, थेट न्यायचं. मी सकाळी येतो. आता लघवीचा नमुना हवा."

आबा नमुना देतील कसे? मी भांडं घेऊन गेलो तर त्यांनी माझा हात झटकला. सुजाता तर जवळही जाऊ शकेना. डॉक्टर माझ्याकडं, मी डॉक्टरांकडं.

अक्का आबांच्या कानाशी वाकली आणि अगदी खालच्या पट्टीत, म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "डायव्हरसाब, डिझेलमधी भेसळ हाय म्हणून तक्रार आल्या. डेपो मॅनेजर सँपल मागालाय."

आबांचे डोळे जरासे ठरले. "भेसळ?" ते म्हणाले. "माझ्या गाडीत?" आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठून उभे राहिले.

डॉक्टर भिंतीकडं तोंड करून हसत होते. मला हसावं का रडावं कळत नव्हतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला अक्कानं चहा पाजून परत पाठवलं.

ते दोनतीन दिवस अवघड गेले. अक्का आणि सुजाता आळीपाळीनं चमच्या-चमच्यानं पाणी, ताक, भाताची पेज घालत होत्या. डॉक्टर रोज येऊन जात होते. आबा आपल्या पलंगावर होते, आपल्या खिडकीपाशी, आणि उशाशी रोजचीच माणसं होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले, खिडकीतून पाऊस बघितला आणि म्हणाले, "मिलिंद, घाटात धुकं असंल. आज गाडी सावकाश न्याय पाहिजे."

ह्याच वाक्याला मी एकेकाळी कंटाळलो होतो. त्या सकाळी मी ते ऐकून स्वयंपाकघरात गेलो आणि सुजाताला म्हटलं, "आबा गाडी काढालेत." आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून हसत आणि डोळे पुसत होतो. आबा पलंगावरून उतरले. स्वतःच्या पायांनी चालत लाल दारापर्यंत गेले.

अक्काचे उपकार कसे फेडायचे, हे आमचं बोलणं नेहमी व्हायचं आणि तिथंच थांबायचं. साडी नेऊन दिली तर तिनं ती परत सुजातालाच नेसवली. चहाचं विचारलं तर "नगो." सरबत, "नगो." आमच्या घरात ती एवढी वावरली, पण पाण्याचा थेंब कधी घेतला नाही. दिवस मावळल्यावर ती तोंडात काही घालत नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं, जैनांचा नेम आहे. तरी माझ्या मनात कुठंतरी एक जुनी शंका हलायची. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांना दुसऱ्याच्या दारात वरून ओंजळीत पाणी घालायचे, ते त्यांनी सांगितलेलं मी ऐकलेलं आहे. अक्काबद्दल तसं मनात यावं याची मला लाज वाटायची, आणि तरी ते यायचं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी कामावरून लवकर सुटलो. सुजाता बाहेर गेली होती. मी चपला काढत होतो, तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं आणि मी सोप्यातच थांबलो.

"शेवंते, जेवलीस का?" आबा विचारत होते.

शेवंता ही आबांची धाकटी बहीण. लहानपणी घरात एक भाकरी असली की दोघांत अर्धी अर्धी व्हायची, हे आबा पूर्वी सांगायचे. ती लग्नानंतर लवकरच गेली. मी तिला बघितलेलंही नाही.

"व्हय दादा, जेवलो की," अक्काचा आवाज आला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो सोप्यापर्यंत जेमतेम पोचत होता.

"काय जेवलीस?"

"ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी. आणि दोडक्याची भाजी केल्ती. जरा मीठ कमी झाल्तं."

"मीठ घ्यायचं की वरनं."

"घेतलं की."

"शेवंते, जेवलीस का?"

"व्हय दादा. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी..." तिनं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, मिठासकट. मग पुन्हा एकदा. मी तिथं उभा असेपर्यंत असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. एकदाही तिनं उत्तर तोडून टाकलं नाही.

मी आत गेलो. म्हटलं, "अक्का, वैताग येत असंल. मी बसतो आता, तुम्ही जरा..."

"बस रे गप," ती म्हणाली. मग आबांच्या अंगावरची शाल नीट करत बसली. करता करता माझ्याकडं न बघता बोलायला लागली. "आई होती तवर घरात दोन ताटं व्हती. ती बी असंच विचारायची, दिवसभर. मी खेकसायचो कधी कधी. आता दिवस असताना एक भाकरी थापतो, ओट्यापाशी उभं ऱ्हाऊनच खातो. आणि मग रात्र लई मोठी असती बघ. काय केलंतं, कसं झालंतं, इचारणारं कोण हाय? ह्यो माणूस इचारतोय. इसरतोय, म्हणून परत इचारतोय. माझं काय बिघडालंय त्यात?"

मी आबांची उशी सारखी करायला लागलो. आबांनीच सोडवणूक केली. "शेवंते," ते म्हणाले, "जेवलीस का?"

रात्री मी सुजाताला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं अक्काला निरोप पाठवला की आबा नीट जेवत नाहीत, आज जरा ऊन असतानाच या. अक्का धावत आली. बुटांच्या नाड्यासुद्धा सुटलेल्या होत्या.

"काय झालं? ताप हाय? पाणी घेतंय का?"

सोप्यात दोन ताटं वाढलेली होती. आबा एका पाटावर बसले होते. दुसरा पाट रिकामा होता.

"कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई," सुजाता म्हणाली. "भांडी सकाळीच दुकानातनं नवी आणल्यात, तुमच्याच भाच्याकडनं. आणि दिवस मावळायला अजून येळ हाय, अक्का."

"भांडी नवी कशाला आणलीस गं?" अक्का म्हणाली. "रोजची काय फुटल्यात व्हय?" तिनं भिंतीला हात टेकून बूट काढले, हात धुतले आणि पाटावर येऊन बसली.

आबांनी आपल्या ताटातली भाकरी उचलली. दोन्ही हातांनी बरोबर मधून मोडली. अर्धी अक्काच्या ताटात ठेवली.

"खा शेवंते. लाजू नगो. वाढत्या अंगाची हाईस तू."

सत्तरीची अक्का मान खाली घालून पहिला घास चावत राहिली. गल्लीत माणसं येत-जात होती, दार उघडं होतं, कुणीकुणी आत डोकावून 'अक्का' म्हणून हाक मारली. तिनं कुणाला काही विचारलं नाही.

भाकरी संपली. आबा तिच्याकडं बघत होते. "आणि वाढू?" त्यांनी विचारलं.

तिनं ताट पुढं केलं.